गाडी कुणाच्या नावावर, चावी कुणाकडे?

गेल्या दिवाळीनंतर आम्ही गाडी बघायला गेलो. मी, नवरा आणि पुण्याहून आलेला मुलगा. पैसे माझे, निवृत्तीनंतर मिळालेल्या ग्रॅच्युइटीतले. चालवणारही मीच, कारण काचबिंदूमुळे नवऱ्याने वर्षापूर्वी स्टिअरिंग सोडलं. हे सगळं शोरूममधल्या पोराला गेल्यागेल्याच सांगितलं. त्याने मान डोलावली आणि इंजिनाची माहिती माझ्या मुलाला द्यायला लागला. माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, रंग कुठला आवडेल?"

त्याच्यावर रागवून काय उपयोग? लायसन मी 1994 साली काढलं, आणि पुढची तीस वर्षं डाव्या सीटवरच बसले. पाण्याची बाटली देणं, टोलचे सुट्टे काढणं, मागच्या पोरांची भांडणं सोडवणं, "डावीकडून स्कूटर येतेय" म्हणणं, ही माझी कामं. आता बासष्टाव्या वर्षी दोन महिने पहाटे गंगापूर रोडला हात बसवला. पंचावन्नच्या पुढे लायसन पाच-पाच वर्षांचंच मिळतं, डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागतं. म्हणजे आज माझ्याकडे कागदावर पक्की अशी पाचच वर्षं आहेत. ती मला माझ्या मापाच्या गाडीत घालवायची होती.

मुलाचं मत स्कॉर्पिओ. "आई, आपल्या नाशिकमध्येच बनते, दणकट आहे, सणावाराला सगळे मावतील." खरं आहे, 2002 पासून महिंद्राच्या इथल्या कारखान्यातून ती निघते आहे. पण सगळे मावणार वर्षातून दोनदा. बाकीचे दिवस साडी सावरत, दुखऱ्या गुडघ्यावर जोर देत तिच्यात मी एकटीने चढायचं!

मग मी एकटी गेले, पर्समध्ये शिवणाची टेप घेऊन. सीट कमरेच्या उंचीला हवी. खाली बसावं लागू नये, वर चढावं लागू नये. पंचवटीच्या गल्लीत वळेल इतकी लहान हवी. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपण बुटक्या बायका पाय पोचावेत म्हणून सीट पुढे ओढतो, त्यामुळे स्टिअरिंग छातीशी येतं. एअरबॅग त्यातूनच फुटते. मध्ये साधारण 25 सेंटिमीटर अंतर लागतं. सीट वर-खाली आणि स्टिअरिंग आत-बाहेर होत असेल तर ते जमतं, पण या सोयी बहुधा महागड्या मॉडेलमध्येच असतात. अपघाताच्या चाचणीत बसवतात तो पुतळा वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या मापाचा. सरासरी बाईच्या अंगाचा पुतळा स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर या संशोधक बाईंनी पुढे आणला, तोही 2022 साली. तोवर आपण गाडीत बसतच नव्हतो जणू!

"लेडीजसाठी ऑटोमॅटिकच बरी," असं तो पोरगा म्हणाला तेव्हा मी चिडले होते. नंतर द्वारकेच्या गर्दीत क्लच दाबून दाबून डावा गुडघा सुजला आणि पटलं. सल्ला बरोबर होता, कारण चुकीचं होतं.

1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी महिला आघाडीच्या अधिवेशनाला मी निफाडकडच्या बायकांबरोबर ट्रकमधून उभ्याने चांदवडला गेले होते. पुढे लक्ष्मीमुक्तीत किती शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावावर केली! सातबाऱ्यावर नाव लागलं, ते मोठंच झालं. पण काय पेरायचं आणि कधी विकायचं, हे त्यातल्या किती जणींना ठरवता आलं, ते आपण गावोगाव पाहिलं आहे. आरसी बुकाचंही तसंच. नाव आईचं, निवड मुलाची, चावी त्याच्या खिशात.

आमच्या गटातल्या मैत्रिणींचा आक्षेप वेगळा. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, शहरात 2021 पासून सिटीलिंक आहे. कार्यकर्तीला गाडी कशाला? आक्षेप रास्त आहे. गाडी हा सगळ्या बायकांसाठीचा उपाय नव्हे, आणि बससाठीचं भांडण मी सोडलेलं नाही. मी त्यांना रात्री दहाला येणारे फोन सांगितले, दिंडोरीची ती केस सांगितली, सगळ्यांना पटलं. घरी येताना मात्र मन खट्टू झालं. नवऱ्याने 1998 साली पहिली मारुती घेतली तेव्हा त्याला कुणी सामाजिक कारण विचारलं होतं? मला पहाटे एकटीला धरणाच्या काठावर जाऊन बसायचं आहे, एवढं कारण पुरे का पडू नये?

शेवटी लहानशी ऑटोमॅटिक घेतली, मधल्या मॉडेलची, सीट वर-खाली होणारी. स्टिअरिंग आत-बाहेर होणारी परवडली नाही. पाठीशी उशी घेऊन भागवत नाही, सीटच जमेल तेवढी मागे ठेवते. मुलाने दुसरी चावी मागितली. ती कपाटात आहे. घरी आलास की मागून घे, असं त्याला सांगितलं आहे. तो थोडा रुसला आहे.