दुरुस्तीची विद्या

आशिया-प्रशांत देशांतील विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' ही यंत्रमानव-स्पर्धा 2008 साली पुण्यात भरली, तेव्हा तिचा विषय होता 'गोविंदा'. ज्या दहीहंडीसाठी आपली पोरे थरावर थर रचतात, ती यंत्रमानवांनी गाठायची होती. सामना जेमतेम तीन मिनिटांचा. कित्येक महिने रात्री जागवून केलेल्या श्रमांचा निकाल तीन मिनिटांत! अशा सामन्यांत यंत्र हरते ते पुष्कळदा बुद्धीने नव्हे. हादऱ्यांनी एखादा नट ढिला होतो, साखळी उतरते, तारेचे टोक निसटते आणि मोठे चतुर म्हणून गाजलेले यंत्र भर मैदानात ढिम्म उभे राहते.

यंत्र मोडणार, हे गृहीत धरूनच त्याची उभारणी व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते हात किती उंच नेते, याहून मोडलेला भाग दोन सामन्यांमधील अवधीत बदलता येतो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. बोल्ट शक्यतो एकाच मापाचे असावेत, म्हणजे पाना शोधण्यात वेळ जात नाही. हादरे बसतात तेथे आत नायलॉनचे कडे असलेले नट लावावेत. मोटार व चाक यांचा जोड चार बोल्ट काढताच अखंड बाहेर यावा आणि तसाच दुसरा पेटीत सज्ज असावा. बॅटरी काढण्यासाठी अर्धे यंत्र उलगडावे लागत असेल, तर आराखडाच चुकला असे खुशाल समजावे. सोल्डर केलेली तार त्या डागालगत ताठर होते आणि नेमकी तेथेच तुटते. म्हणून तारा सांगाड्याला बांधून घ्याव्यात, प्रत्येकीवर चिठ्ठी असावी. ही कामे कंटाळवाणी खरी, त्यांना टाळ्याही मिळत नाहीत. पण आदल्या रात्री शेवटचा बोल्ट पिळणाऱ्या संघाला आपल्या यंत्राचे दोष प्रतिस्पर्ध्यासमोरच कळतात.

गोव्यात शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची सरकारी योजना 2021 साली आली. तिचे स्वागतच आहे. आम्हांस धास्ती वाटते ती कपाटाची! महागडे साहित्य बिघडेल म्हणून कुलपात ठेवायचे आणि पाहुणे आले की मांडायचे, ही आपली जुनी खोड. शाळेतला सूक्ष्मदर्शक आम्हीही काचेआडूनच पाहिला. मुलांच्या हाती जुळवणीचा तयार संच देऊन भागणार नाही. तो खोलण्याची, बिघडविण्याची मुभाही द्यावी लागेल आणि त्यासाठी सुट्या भागांची वेगळी तरतूद हवी. मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलरचे इंजिन खोलणाऱ्या मेकॅनिकला भर समुद्रात कोणता भाग दगा देतो, हे नेमके ठाऊक असते. त्याला एखाद्या तासाला शाळेत बोलावण्यास कोणाची हरकत आहे?

स्पर्धा भरविणाऱ्यांनीही एक करून पाहावे. सामन्याआधी परीक्षकांनी संघाला यंत्राचे एक चाक काढून पुन्हा बसविण्यास सांगावे, घड्याळ लावावे आणि त्या वेळेचेही गुण द्यावेत.