वंशभेद म्हणे तिकडे असतो!

परवा जॅकलिन वुडसनचं 'ब्राऊन गर्ल ड्रीमिंग' पुन्हा वाचलं. २०१४ सालचं पुस्तक. एका काळ्या अमेरिकन मुलीचं बालपण, तिनेच मुक्तछंदात सांगितलेलं. जन्म ओहायोत, मग आजी-आजोबांकडे साउथ कॅरोलायनात, मग ब्रुकलिन. आपलं घर नक्की कुठलं, हे शोधत वाढलेली मुलगी. मी भरभरून सांगत होते, तर मामा म्हणाले, "आपल्याकडे नाही हो असलं काळं-गोरं!"

मामा, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे, तरी लिहिते. आपल्याकडे आहे. कर्जतच्या आपल्याच घरात होतं. केस पिंजारलेले दिसले की आई ओरडायची, "काय कातवड्यासारखी राहतेस!"

माझ्या वर्गात कातकरी वाडीवरची एक मुलगी होती. तिच्यादेखत आम्ही हाच शब्द एकमेकींना चिडवायला वापरायचो. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची. हजेरीत तिचं नाव आलं की आम्ही सुरात ओरडायचो, "भट्टीवर!" बाईही हसायच्या. पाचवीनंतर ती आलीच नाही.

खैराचा कात करणारे ते कातकरी. जंगलावर सरकारी कायदे आले, तो धंदा गेला. नाव उरलं, त्याची आपण शिवी केली. कर्जत-खालापुरातल्या त्यांच्या कितीतरी वाड्या आज दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. फार्महाऊसं वाढली, जमिनीला भाव आला, तसे 'उठा इथून' म्हणणारेही वाढले. आणि आपण म्हणायचं, आपल्याकडे असलं काही नाही!

"अगं, ती नुसती बोलायची पद्धत," असं कुणीतरी म्हणेलच. वुडसनला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, त्याच समारंभात सूत्रसंचालकाने तिच्यावरून कलिंगडाचा विनोद केला. काळ्यांना कलिंगडावरून हिणवणं ही तिकडची जुनी खोड. तीही बोलायचीच पद्धत. पण गदारोळ झाला आणि त्याने माफी मागितली. आमच्या वर्गातल्या त्या मुलीची माफी कोणी मागितली? मीसुद्धा नाही.

'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) आपल्या कपाटात आहेत. वाचून हळहळलो, पण घरातला शब्द काही गेला नाही. गेल्या महिन्यात लेकीवर ओरडताना तो माझ्याच तोंडातून निघाला. "म्हणजे काय गं आई?" तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

असो. दिवाळीला सगळे जमणार आहोत. तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडून आला, तर मी तिथल्या तिथे टोकणार आहे. मामा, रागावू नका.