लज्जेपेक्षा आरोग्य मोठे

रांझी ही जबलपूरची आयुधनिर्माणी कामगारांची वस्ती. तेथे यंत्रात कोणाचे बोट चेंगरले, तर त्यास तत्काळ रुग्णालयात नेण्यास कोणी लाजणार नाही. मग गुह्येंद्रियाची इजाच तेवढी का लपवावी?

शिश्नात अस्थी नसते. तरीही त्याच्या एका आघातास ‘शिश्नभंग’ म्हणतात. ताठर अवस्थेत ते जोराने वाकल्यास आतील रक्तकोशांभोवतीचे चिवट आवरण फाटते. फुटल्यासारखा आवाज, तीव्र वेदना, ताठरता एकाएकी ओसरणे आणि मागोमाग सूज व काळेनिळेपणा ही त्याची लक्षणे होत. मूत्रद्वारातून रक्त आले किंवा लघवी अडली, तर मूत्रमार्गही फाटला असल्याची शंका घ्यावी.

येथे लेप, मालीश वा प्रतीक्षा उपयोगाची नाही. शक्यतो २४ तासांच्या आत शस्त्रक्रियेने ती चीर शिवल्यास इंद्रियाचे कार्य बहुधा पूर्ववत होते. विलंब झाल्यास कायमची वक्रता व दौर्बल्य येऊ शकते.

जबलपुरात १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु रुग्ण दारापर्यंत पोहोचलाच नाही, तर शस्त्रवैद्य काय करणार? शरीराचे ज्ञान अश्लील नव्हे. ते शाळांतून व ग्रंथालयांतून निःसंकोच दिले जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.