बंदिवानाचा राजवाडा

रत्नागिरीस जाणारा प्रवासी थिबा राजवाडा पाहतो, तेथील उंचीवरून खाडी व तिच्यापलीकडचा समुद्र न्याहाळतो आणि ‘जागा मोठी रम्य आहे’ असा अभिप्राय देऊन परततो. जागा रम्य आहे यात शंका नाही. परंतु ज्याच्यासाठी हा वाडा उभारला गेला, त्याला तो समुद्र केवळ पाहण्याची मुभा होती, ओलांडण्याची नव्हती. हे ध्यानी घेतल्यावाचून या वास्तूचा अर्थ लागावयाचा नाही.

इंग्रजांनी १८८५ साली मंडाले घेतले, ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास पदच्युत केले आणि प्रथम मद्रासेस व पुढे १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. राजकुटुंबाने दुसऱ्या बंगल्यांतून कित्येक वर्षे कंठल्यावर १९१०च्या सुमारास हा वाडा सिद्ध झाला. तेथे राजाला जेमतेम सहा वर्षे लाभली. १९१६ च्या डिसेंबरात तो निवर्तला. राणी १९१९ मध्ये मायदेशी परतली. राजा मात्र रत्नागिरीच्याच मातीत राहिला. दैवगती अशी की, हा वाडा पूर्ण होत होता तेव्हा रत्नागिरीचे सुपुत्र लोकमान्य टिळक थिबाच्याच राजधानीत, मंडालेच्या किल्ल्यातील तुरुंगात, सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते.

वास्तूची रचनाही हीच कथा सांगते. भिंती कोकणच्या जांभ्या दगडाच्या, छपरे मुसळधार पावसाला साजेशी उतरती. पण अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आणि त्यांवरील कोरीव काम पाहणाऱ्याला परक्या देशाची आठवण देते. आत संगमरवरी फरशीचे प्रशस्त नृत्यदालन आहे, तर मागील बाजूस बुद्धमूर्ती. राज्य नाही, दरबार नाही, तरी दालन मात्र राजाला शोभेल असे! सत्ता हिरावून घ्यावयाची आणि तिचा थाट तेवढा शिल्लक ठेवावयाचा, या साम्राज्यशाहीच्या नीतीचा इतका बोलका पुरावा दगडलाकडांत क्वचितच आढळेल.

आज ही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असून तेथे वस्तुसंग्रहालय आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि सरकारच्या ताब्यात असणे आणि सुरक्षित असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. समुद्राचा खारा वारा लोखंडी खिळे व बिजागऱ्या गंजवितो. चार महिन्यांचा पाऊस लाकूड फुगवितो व कुजवितो. जांभा सच्छिद्र असल्याने ओल शोषून घेतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला तर ती ओल आतच कोंडली जाते. म्हणून अशा वास्तूला दहा-वीस वर्षांतून एकदा होणारा गाजावाजाचा जीर्णोद्धार नको. दर पावसाळ्यानंतरची निमूट, नियमित निगराणी हवी. चुन्याच्या जागी चुना, सागाच्या जागी साग आणि कोरीव काम जाणणारे सुतार हवेत. याकरिता अंदाजपत्रकात कायमची तरतूद करणे, हेच सरकारचे पहिले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

हा खर्च परक्या राजासाठी कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या मंडालेच्या राजवाड्यातून थिबाला नेण्यात आले, त्याचा बहुतेक भाग १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आगीत भस्मसात झाला. आज तेथे दिसते ती नंतरची पुनर्रचना आहे. राजाची ही अस्सल वास्तू मात्र आपल्या अंगणात उभी आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन राजाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले, तेव्हा या ठेवीचे मोल आपणांस कळावयास हवे होते. थिबाला येथे आणले ते इंग्रजांनी. पण इंग्रज गेल्यावर त्याच्या घराचे यजमानपण आपल्याकडे आले आहे. ते निभावणे हा महाराष्ट्राच्या सुसंस्कृतपणाचा प्रश्न आहे.