बाळाची नजर आणि आईचा गुन्हा

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळासमोर खुळखुळा हलवला तर ते पटकन वळत नाही. एका वस्तूवर नजर लागली की ती सोडवून दुसरीकडे नेणं त्याला जड जातं. उजेड, आवाज, माणसाचा चेहरा सगळं एकदम आलं की ते थरथरतं, तोंड फिरवतं. मेंदूची वाढ पोटात व्हायची ती बाहेर होते आहे.

अमेरिकेत १९८५ नंतर याच खुणा आईच्या नशेच्या खात्यावर मांडल्या गेल्या. त्या वर्षी डॉ. आयरा चॅसनॉफ यांनी कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ बायकांचा अभ्यास छापला. वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने त्यातून ‘क्रॅक बेबी’ उभी केली : कशातच लक्ष न लागणारी, कुणाची माया न लागणारी, वाया गेलेली पिढी. चित्रांत दिसणारी काचेच्या पेटीतली कित्येक बाळं अपुऱ्या दिवसांची होती, हे कोणी सांगितलं नाही.

मग पोलीस आले. चार्ल्सटनच्या सरकारी रुग्णालयाने १९८९ पासून गरोदर बायकांची लघवी त्यांच्या संमतीशिवाय तपासून निकाल पोलिसांना दिले. तीसजणींना अटक झाली; एक सोडून सगळ्या काळ्या. नशा काय काळ्याच बायका करत होत्या? फ्लोरिडातल्या १९९०च्या पाहणीत गोऱ्या-काळ्यांतलं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, पण सरकारकडे नाव जाण्याचं प्रमाण काळ्या बायकांत दहापट होतं. (ही पाहणीही चॅसनॉफ यांचीच!) अशी तपासणी घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २००१ उजाडलं.

फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट या बाईंनी साधा विचार केला. १९८९ ते १९९२ या काळात जन्मलेली, दिवस भरलेली किंवा भरत आलेली २२४ बाळं त्यांनी घेतली. सगळी गरीब घरांतली. निम्म्यांच्या आयांनी कोकेन घेतलेलं, निम्म्यांच्या नाही. चार वर्षांच्या वयात दोन्ही गटांचा सरासरी बुद्ध्यंक ७९ आणि ८२च्या आसपास, म्हणजे दोन्हींचा कमीच. कोकेन निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. लक्ष टिकवण्यात बारीक फरक काही अभ्यासांत दिसले आहेत. पण गरिबीला कुणी बेड्या घातल्या नाहीत.

मैत्रिणींनो, हे दूरदेशीचं वाटेल. आपल्याकडे मिश्री आहे. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली आढळली. मिश्री सुटायला हवी, यात वाद नाही. पण ‘ह्या बायकांना अक्कलच नाही’ हे वाक्य मी आरोग्य शिबिरांत आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते ऐकलेली बाई पुढच्या तपासणीला येत नाही. सकाळी उपाशीपोटी कामाला लागताना मिश्रीने भूक मरते, असं कितीतरी बायका सांगतात. मिश्री किती वेळा लावतेस, हे विचारायला आपल्या तक्त्यात रकाना आहे. पहिला घास किती वाजता खातेस, याला नाही.