दादांच्या गाडीचा ब्लॉक

यवतमाळास लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्याच्या नांवांत लोह आहे खरें, पण लोखंडावर कानस चालविण्याचा उद्योग आमच्या घरांत शिरला तो यंदाच्या उन्हाळ्यांत. आमचे दिवंगत ज्येष्ठ बंधु दादा यांनीं १९९० सालीं यामाहा आर.एक्स. १०० ही मोटारसायकल घेतली होती. दादा गेल्यापासून ती पडवींत उभी असे, आणि वहिनी दर शनिवारीं तिच्यावरची धूळ पुसत. एके दिवशीं जेवतांना पुतण्यानें जाहीर केलें, "काका, बाबांच्या गाडीचा ब्लॉक मी घरींच पोर्ट करणार." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, त्यांनीं फक्त आमच्याकडे पाहिलें.

आम्हीं जन्मभर मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेतलीं. हें पोर्टाचें प्रकरण आम्हांस कोठून ठाऊक असणार? तेव्हां पुतण्यापुढेंच विद्यार्थी होऊन बसलों.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एके काळीं आकुर्डीची चेतक किंवा फिरोदियांची लूना असेल. १९७२ सालीं निघालेल्या या दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक जातीच्या, आर.एक्स. १०० हि त्याच कुळांतली, आणि १९८५ पासून १९९६ पर्यंत ती आपल्या देशांत तयार होत असे. अशा एंजिनाच्या ब्लॉकला आंतल्या भिंतींत खिडक्या असतात, त्यांसच पोर्ट म्हणावयाचें. पिस्टन वर-खालीं होतांना त्या स्वतःच झांकतो आणि उघडतो, द्वारपाल तोच. धूर जाण्याची खिडकी आधीं उघडते, ताजें मिश्रण येण्याच्या खिडक्या मागाहून. धुराच्या खिडकीची वरची कड जितकी उंच, तितकें दार लवकर उघडावयाचें. सारी मेख त्या कडेंत आहे.

या गाडीचें बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकहि ५० च. तिची ११ अश्वशक्ति मिनिटास ७,५०० फेऱ्यांवर मिळते, म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाचा १२५ वा हिस्सा! तेवढ्यांत जुनें बाहेर जावयाचें आणि नवें आंत यावयाचें. दार लवकर उघडलें तर वेगांत श्वास मोकळा होतो. पण संथ चालींत जळत्या वायूचा पिस्टनवरचा रेटा अर्ध्यांतच सुटून जातो. कड १ मिलिमीटर खरवडली कीं दार उघडें राहण्याचा काळ सुमारें पांच अंशांनीं वाढतो. रुंदीचें तर त्याहून अवघड. बोअरच्या साठ-पासष्ट टक्क्यांपलीकडे खिडकी रुंद केली, तर पिस्टनची रिंग तींत फुगून कडेस अडकते आणि तुटते. म्हणून काम संपल्यावर प्रत्येक कडेची धार मोडून ती किंचित् गोल करावी लागते, आणि लोखंडाचा चूर साबणाच्या पाण्यानें दोन-तीनदां धुवून काढावा लागतो. उतावळीं माणसें नेमकें हेंच विसरतात.

या विद्येचा आचार्य पूर्व जर्मनींतील एम.झेड. कारखान्याचा वाल्टर काडेन. त्यानें १९६१ सालीं १२५ घनसेंटिमीटरच्या एंजिनांतून सुमारें २५ अश्वशक्ति काढली. त्याच वर्षीं त्याचा शर्यतपटु अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला, ती विद्या घेऊन सुझुकीस मिळाला, आणि १९६२ सालीं सुझुकीच्या ५० घनसेंटिमीटरच्या गाडीवर जगज्जेता झाला. कचानें शुक्राचार्यांकडून संजीवनी नेली त्यांतलाच प्रकार. देवयानी मात्र येथें नव्हती.

इतकें समजल्यावर आम्हीं एकच अट घातली. खरवडलेलें लोखंड परत चिकटत नाहीं, तेव्हां दादांचा ब्लॉक तेलाच्या फडक्यांत गुंडाळून फळीवर राहील. काय करावयाचें तें भंगारांतून आणलेल्या ब्लॉकवर करावें. पुतण्यानें जरा तोंड वांकडें केलें, पण मानलें.

पहिलें काम आम्हांसहि करतां आलें. बोअरमध्यें कागद बसवून खिडक्यांच्या कडांवर शिसपेन्सिल घासावयाची. लहानपणीं नाण्याचा छाप काढीत असूं, अगदीं तसेंच. कागद उलगडला तों १५७ मिलिमीटर लांबीचा नकाशा! डावी-उजवी खिडकी समान नाहीं, हें चष्म्याशिवायहि दिसलें. तेवढी समान करून थांबला असता तर बरें होतें. कड १ मिलिमीटर चढवावयाची ठरली होती. ग्राइंडर घसरलें, मग "सारखें करतों" म्हणतां म्हणतां ती अडीच मिलिमीटर वर गेली. आम्हीं रागावलों नाहीं. वर्गांत शाईचा डाग पुसतांना पान फाडणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

गाडी चढल्या वेगांत गाऊं लागली, तेव्हां पोराच्या चेहऱ्यावर दादाच दिसले. परंतु वहिनी मागें बसल्या आणि गल्लीच्या लहानशा चढावर गाडी तीनदां बंद पडली. पेट्रोलहि पूर्वीपेक्षां जास्त लागूं लागलें. वहिनी खालीं उतरून म्हणाल्या, "त्यांची गाडी अशी बोलत नसे."

पुतण्यानें उत्तर दिलें नाहीं. त्या रात्रीं पडवींत उशिरापर्यंत दिवा होता. सकाळीं फळीवर तेलाचें फडकें रिकामें होतें, आणि वहिनी देवळांत गेल्या त्या त्याच्या मागें बसूनच.

गेल्या रविवारीं त्यानें भंगारांतून आणखी एक ब्लॉक आणला आहे. या खेपेस आधीं अंश मोजणार म्हणतो. आमचा शाळेंतला मोठा लांकडी कोनमापक त्यानें नेला आहे. तो अद्याप परत मिळालेला नाहीं.