उरलेल्या तिघांचं काय झालं?



एरवी आपण इथे चातुर्मासातला स्वयंपाक, पाठशाळा, घरातली नाती यांवर बोलतो. आज एका जुन्या इंग्रजी सिनेमावर लिहिते आहे, कारण तो पाहताना मला सारखा आपलाच समाज दिसत होता.

सिनेमाचं नाव 'गॅटाका', 1997 सालचा. डीएनएची वर्णमाला चारच अक्षरांची, ए, टी, जी आणि सी. त्यांतूनच हे नाव जुळवलंय. गोष्ट भविष्यातली आहे. तिथे श्रीमंत, शिकलेले लोक मूल नशिबावर सोडत नाहीत. प्रयोगशाळेत निवडून घेतात. जी मुलं आपल्या आपण जन्मतात, त्यांना खालच्या दर्जाची समजतात. नोकरीसाठी मुलाखत नाही, लघवीची तपासणी. व्हिन्सेंट हा असाच न निवडलेला मुलगा. जन्मतःच रक्ताचा थेंब तपासून सांगतात, हृदय कमजोर, आयुष्य तीसेक वर्षांचं. त्याला अवकाशात जायचं असतं, पण अवकाशसंस्थेत त्याला झाडू मारण्याचंच काम मिळतं. मग तो एका 'उत्तम' माणसाचं रक्त, लघवी आणि नाव घेऊन आत शिरतो आणि शनीच्या टायटन या चंद्राकडे जाणाऱ्या यानासाठी निवडला जातो.

उड्डाण आठवड्यावर आलेलं असताना संस्थेतल्या एका अधिकाऱ्याचा खून होतो. पोलिसांना व्हिन्सेंटच्या पापणीचा एक केस सापडतो. हलक्या जनुकांचा माणूस इथे लपलाय म्हणजे खुनी तोच, असं सगळे धरून चालतात. खरा खुनी निघतो संस्थेचा प्रमुख. मोहीम रद्द होऊ नये म्हणून त्याने खून केलेला असतो. त्याच्या जनुकांच्या कागदावर मात्र लिहिलेलं असतं की हा माणूस हिंसा करूच शकत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

ही झाली मुख्य गोष्ट. पण मी अडकले सुरुवातीच्या एका प्रसंगात. व्हिन्सेंटचे आईवडील दुसऱ्या मुलासाठी डॉक्टरकडे जातात. डॉक्टर सांगतात, चार गर्भ तयार आहेत, दोन मुलगे, दोन मुली, चारही निरोगी. आईवडील म्हणतात, व्हिन्सेंटला खेळायला भाऊ हवा. झालं, एक मुलगा निवडला. उरलेल्या तिघांचं काय झालं, ते सिनेमात कोणी विचारत नाही. एका अधिकाऱ्याच्या खुनासाठी सगळ्या इमारतीतल्या माणसांचं रक्त तपासतात, या तिघांची चौकशी कुठेच नाही. कारण तिथे ती फक्त निवड असते.

मला म्हणायचंय ते एवढंच. ही भविष्यातली गोष्ट नाही. आपण ती आधीच करून बसलोय, आणि त्यासाठी आपल्याला अवकाशयान लागलं नाही, सोनोग्राफीचं मशीन पुरलं.

आकडे जनगणनेचे आहेत. 2001 मध्ये देशात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 927 मुली होत्या. जैन समाजात 870. 2011 मध्ये आपल्या 889 झाल्या, म्हणजे थोडी सुधारणा, तरी कमीच. आपल्या औरंगाबाद जिल्ह्यात, तेव्हा हेच नाव होतं, 858. शेजारच्या बीडमध्ये 807. आणि साक्षरतेत आपण जैन त्याच जनगणनेत सगळ्या धर्मांत पहिले! मी कॉमर्सची पदवीधर, ताळेबंद वाचायची सवय आहे. हा ताळेबंद जुळत नाही. शिक्षण जास्त, पैसा बऱ्यापैकी, अहिंसा हा परम धर्म, आणि मुली कमी.

कायदा नव्हता असंही नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, 1988 साली. केंद्राचा कायदा 1994 चा. 2003 च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेच्या आधीची निवडही गुन्हा आहे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीतही मुलगा-मुलगी निवडता येत नाही. तरी 2012 मध्ये परळीत चार मुलींची आई गर्भपात करताना मेली. तिथल्या डॉक्टर दाम्पत्याला आणि तिच्या नवऱ्याला 2019 मध्ये न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. त्या बाईला पाचवी मुलगी नको होती, की तिला कोणी विचारलंच नव्हतं? घरोघरीच्या बायकांना याचं उत्तर ठाऊक आहे.

'आपल्यात असं नसतं' असं कोणी म्हणू नका. आपण पाणी गाळून पितो, रात्री जेवत नाही, कंदमुळं वर्ज्य करतो, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचीही हिंसा नको. आणि पंचेंद्रिय जीव पोटात असताना 'यावेळी तरी मुलगा' म्हणतो. सिनेमातल्या त्या प्रमुखासारखं आपल्याही कागदावर 'अहिंसक' लिहिलेलं आहे, म्हणून आपल्याकडे कोणी संशयाने बघत नाही. आपण स्वतःही नाही.

सगळी तपासणी वाईट, असं माझं म्हणणं नाही. लग्नाआधी दोघांनी थॅलेसेमियासाठी रक्त तपासावं, जरूर तपासावं. दुखणं टाळणं वेगळं आणि मूल पसंत करणं वेगळं. पण ही रेघ हळूहळू सरकते. 2018 मध्ये चीनमधल्या एका शास्त्रज्ञाने जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. त्याला तीन वर्षांची कैद झाली. तिथे कारण रोगाचं होतं. उद्या कारण रंगाचं, उंचीचं असेल. आपल्या लग्नाच्या बायोडेटात 'गोरी, उंच, सडपातळ' आजही लिहिलेलंच असतं ना? ती सोय मिळाली तर पहिली रांग कोणाची लागेल, तुम्हीच सांगा.

आपलं कर्मशास्त्र याबद्दल काय म्हणतं? शरीर, रंग, रूप नामकर्माने मिळतं, आयुष्याची मर्यादा आयुकर्माने. पण आत्मा सगळ्यांचा सारखा, आणि पुरुषार्थ आपल्या हातात. तीस वर्षांचं भाकीत झालेला व्हिन्सेंट शेवटी टायटनकडे निघतो तो पुरुषार्थावरच. आणि ज्या भगवान ऋषभदेवांना आपण पहिले तीर्थंकर म्हणतो, त्यांनी लिपी शिकवली ती ब्राह्मीला आणि अंक शिकवले ते सुंदरीला. दोघी मुलीच.

आज परिचय मेळाव्यात मुलांची रांग लांब आणि मुलींची आखूड का, यावर समाजाच्या बैठकीत चर्चा होते. मुली शिकल्या, त्यांच्या अपेक्षा वाढल्या, असं म्हणून पुरुषमंडळी उठतात. ज्या जन्मल्याच नाहीत त्यांच्याबद्दल एक शब्द नाही.

आपल्या वयाच्या बायका आता सासवा, आज्या झाल्या आहेत. घरातला शब्द आपला चालतो. तेव्हा सुनेला दिवस गेले की 'काय वाटतं, काय होईल' हे विचारणं आपणच बंद करू. ओटी भरताना 'पुत्रवती हो' म्हणायची गरज नाही, 'सुखरूप सूट' म्हणू. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलबी, हा भेदही नको. दोघांना पेढेच वाटू. कोणी कुठल्या डॉक्टरचं नाव कानात सांगायला आली, तर गप्प न बसता तिला तिथेच थांबवू.

संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागतो. यंदा प्रतिक्रमण करताना त्या न जन्मलेल्या मुलींनाही त्यात धरा, एवढी विनंती.